आठ कोर असूनही काम आठपट फास्ट का होत नाही? घोळ एका वहीचा आणि एका अतिशहाण्या काकांचा

नवा मोबाईल घ्यायला दुकानात गेलं की सेल्समन पहिल्या दोन मिनिटांत एक शब्द टाकतोच, 'ऑक्टा-कोर'. म्हणजे आत एक नाही, आठ मेंदू. आपण मान डोलावतो. आठ जण कामाला लागले की काम आठपट लवकर, हे गणित शाळेतल्या पोरालाही कळतं.

पण कॉम्प्युटरच्या बाबतीत हे गणित क्वचितच जुळतं. कधी आठ कोर मिळून जेमतेम दुप्पट वेग देतात. कधी एकट्या कोरपेक्षाही हळू चालतात. आणि कधी काम पटकन होतं, पण उत्तर चुकतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण चुकलंय हे बराच वेळ कुणाच्या लक्षातच येत नाही.

हे का होतं ते समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. लग्नात आहेराच्या टेबलावर एकदा बसलेला असाल तरी पुरे.

त्याआधी एक छोटीशी पार्श्वभूमी. २००४ च्या आसपासपर्यंत प्रोसेसर दरवर्षी जास्त वेगाने पळायचा, त्यामुळे जुना प्रोग्रामही आपोआप फास्ट व्हायचा. मग उष्णता आडवी आली. वेग वाढवला की चिप तापायची. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणायचा बेत २००४ मध्ये रद्द केला आणि सगळ्यांनीच दुसरा रस्ता धरला. एकाला जास्त पळवता येत नसेल तर माणसं वाढवा. तेव्हापासून लॅपटॉप, मोबाईल, सुपरकॉम्प्युटर सगळीकडे कोर वाढत गेले. वही मात्र एकच राहिली.

आहेराची वही

समजा, घरात लग्न आहे. पाकिटं घ्यायला संत्या आणि पम्या असे दोन चुलतभाऊ बसवलेत. दोघांच्या मध्ये एकच वही. वहीत खाली पेन्सिलने एकूण बेरीज लिहिलेली, १२,००० रुपये.

संत्याला ५०० चं पाकीट मिळालं. त्याने बेरीज बघितली, १२,०००. मनात ५०० मिळवले. तेवढ्यात पम्याला १,००० चं पाकीट आलं. त्यानेही वहीत बघितलं, अजून १२,०००च होते, कारण संत्याने लिहिलं नव्हतं. संत्याने खोडून १२,५०० लिहिलं. पम्याने ते खोडून १३,००० लिहिलं.

खरी बेरीज १३,५०० हवी. ५०० रुपये गेले. चोरी कुणीच केली नाही, बेरीज कुणाचीच चुकली नाही.

कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच होतं. 'एक मिळव' ही आपल्याला एक क्रिया वाटते, पण मशीनसाठी त्या तीन असतात. मेमरीतून आकडा उचल, एक मिळव, परत ठेव. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममधले दोन कामगार, या तीन पायऱ्यांच्या मध्ये एकमेकांवर आदळले की एकाचं काम पुसलं जातं. याला 'डेटा रेस' म्हणतात. रेस अशासाठी, की कोण आधी पोचतो त्यावर उत्तर ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, पाचशे रुपयांचा तर घोळ आहे, एवढं काय.

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी नावाची वीज कंपनी. तिच्या कंट्रोल रूममध्ये जनरल इलेक्ट्रिकची एक्सए/२१ ही प्रणाली होती. कुठे वीजवाहिनी बंद पडली की अलार्म द्यायचं काम तिचं. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी ही अलार्म यंत्रणाच गप्प झाली. आणि आपण गप्प झालोय हेही तिने कुणाला सांगितलं नाही. बाहेर तारा तापून खाली झुकत होत्या, वाढलेल्या झाडांना टेकून एकेक वाहिनी बंद पडत होती, आणि आत बसलेल्या ऑपरेटरना स्क्रीनवर सगळं आलबेल दिसत होतं. ४ वाजून १० मिनिटांनी पत्त्याच्या बंगल्यासारखी ग्रिड कोसळली. अमेरिकेतली ८ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

नंतर लाखो ओळींचा कोड चाळून काही आठवड्यांनी कारण सापडलं. दोन प्रक्रियांना एकाच माहितीवर एकाच क्षणी लिहायची मुभा मिळाली होती. संत्या आणि पम्याच. ती माहिती बिघडली आणि अलार्म हाताळणारा भाग एका न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला. ही प्रणाली त्याआधी ठिकठिकाणी मिळून ३० लाखांहून जास्त तास चालली होती आणि हा दोष एकदाही वर आला नव्हता. प्रयोगशाळेत तो पकडायला इंजिनिअरांना मुद्दाम कोडमध्ये उशीर घुसवावा लागला.

वीज फक्त या बगमुळे गेली असं म्हणणं चुकीचं ठरेल. न छाटलेली झाडं होती, माणसांच्या चुका होत्या. पण सावध व्हायला जो दीड-दोन तासांचा वेळ मिळाला असता, तो या बगने खाल्ला.

आता काकांची एन्ट्री

इथपर्यंत दोष सरळ दिसतो. वही एक, लिहिणारे दोन. पण या टेबलामागे अजून एक जण उभा असतो, आणि खरी गंमत तोच करतो. तो म्हणजे कंपायलर.

प्रोग्रामर सी, सी++, फोर्ट्रान अशा भाषेत लिहितो. प्रोसेसरला ती भाषा कळत नाही. मधला दुभाषी म्हणजे कंपायलर. पण हा दुभाषी शब्दाला शब्द भाषांतर करत नाही. तो लग्नघरातल्या त्या काकांसारखा आहे, ज्यांना प्रत्येक कामात शॉर्टकट सुचतो. "अरे, दर पाकिटाला वही कशाला उघडतोस? बेरीज डोक्यात ठेव, शेवटी एकदाच लिही."

आणि काकांचं म्हणणं एरवी बरोबर असतं. मेमरीपर्यंत जाऊन यायला प्रोसेसरला शंभरेक ठोके थांबावं लागू शकतं. रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या इवल्याशा जागेत, आकडा ठेवला तर हे थांबणं वाचतं. म्हणूनच कंपायलरला 'ऑप्टिमाइझ कर' असं सांगितलं की तोच प्रोग्राम कित्येकदा दुप्पट-तिप्पट वेगाने पळतो. सुपरकॉम्प्युटरवर तर याशिवाय पानच हलत नाही.

अडचण एकच. काका असं धरून चालतात की टेबलावर एकटाच माणूस बसलाय.

एक साधा प्रयोग बघा. दोन थ्रेड घ्या, दोघांनाही एकाच आकड्यात १० लाख वेळा एक मिळवायला सांगा. उत्तर २० लाख यायला हवं. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून चालवलं तर ते बहुतेक वेळा कमी येतं आणि दर वेळी वेगळं. चूक लगेच डोळ्यात भरते. आता ऑप्टिमायझेशन चालू करा. काका म्हणतात, "१० लाख वेळा एक मिळवायचाय ना? मग सरळ १० लाख मिळव की." अख्खा फेरा एका बेरजेत संपतो. आता दोन थ्रेड एकमेकांवर आदळायची शक्यता इतकी कमी होते की उत्तर जवळपास नेहमी बरोबर येतं. आणि कधीतरी, हजारात एखाद्या वेळी, २० लाखांच्या जागी थेट १० लाख.

म्हणजे बग गेला नाही. तो दुर्मिळ झाला, आणि जेव्हा येईल तेव्हा मोठा येईल. टेस्टिंगवाल्यांसाठी याच्याइतकं वाईट काही नाही.

याउलटही होतं. पम्याला सांगितलंय, "फळ्यावर 'पंगत बसली' असं लिहिलं जाईपर्यंत थांब." पम्याने दर मिनिटाला फळा बघायला हवा. काका विचार करतात, पम्या स्वतः तर फळ्यावर काही लिहीत नाहीये, मग फळा बदलणार कसा? एकदाच बघ आणि लक्षात ठेव. पम्या एकदा बघतो, फळा कोरा. मग तो कायमचा थांबून राहतो. पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं, पम्या अजून उभाच. कंपायलर हे खरोखर करतो. फेऱ्याच्या आतलं वाचन उचलून बाहेर ठेवतो, आणि प्रोग्राम कायमचा अडकतो.

आणि प्रोग्रामर काय झालं ते बघायला मध्ये एक 'प्रिंट'ची ओळ टाकतो. प्रोग्राम लगेच व्यवस्थित चालू लागतो! कारण बाहेरचं काम मध्ये आलं की ते फळा बदलू शकेल अशी शंका कंपायलरला घ्यावीच लागते, आणि तो दर वेळी नव्याने वाचू लागतो. ओळ काढली की पुन्हा अडकला. बघायला गेलं की गायब होणाऱ्या अशा बगला प्रोग्रामर 'हायझेनबग' म्हणतात. यावर कित्येकांनी रात्री जागवल्या आहेत.

क्रमही बदलतात

काकांची तिसरी सवय म्हणजे कामांचा क्रम बदलणं. "आधी ताटात लाडू वाढ, मग 'या जेवायला' असं ओरड." एकट्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही कामं व्हायची आहेत, कुठलं आधी याने काय फरक पडतो? पण पलीकडे ती हाक ऐकणारा असेल तर तो येऊन रिकाम्या ताटावर बसतो. प्रोग्रामच्या भाषेत, 'माहिती तयार आहे' ही खूण आधी दिसते आणि माहिती नंतर येते.

हा उद्योग कंपायलरच करतो असंही नाही, प्रोसेसरही चालता चालता क्रम बदलतो. लॅपटॉपमधले इंटेल-एएमडीचे प्रोसेसर लिहिण्याचा क्रम बऱ्यापैकी पाळतात. मोबाईलमधले एआरएम प्रोसेसर कितीतरी मोकळे सोडलेले असतात. त्यामुळे लॅपटॉपवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला कोड फोनवर आला की कधीतरी विचित्र वागतो. प्रोग्रामर शपथेवर सांगतो की माझ्या मशीनवर चालतंय, आणि तो खोटं बोलत नसतो.

मग नियम कुणी केले की नाही? लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७९ मध्येच मांडलं होतं की अनेक प्रोसेसर असलेल्या मशीनकडून आपली किमान अपेक्षा काय असावी. सगळ्यांची कामं जणू एकाच रांगेत एकामागून एक झाली आणि प्रत्येकाचा स्वतःचा क्रम त्यात टिकला, असं दिसलं पाहिजे. कल्पना सुंदर, पण तंतोतंत पाळायची तर वेगाचा बळी द्यावा लागतो. म्हणून प्रोसेसर बनवणाऱ्यांनी ती सैल केली. जावा भाषेने सुरुवातीलाच यासाठी नियम केले, ते सदोष निघाले, आणि २००४ मध्ये दुरुस्त करावे लागले. सी आणि सी++ ची तर कमालच. निम्मं जग या भाषांवर चालतं, पण त्यांच्या अधिकृत मानकांमध्ये २०११ पर्यंत थ्रेडबद्दल एक अक्षर नव्हतं. कागदोपत्री काका बरोबरच होते, टेबलावर एकच माणूस होता!

२०११ पासून प्रोग्रामर 'हा आकडा अॅटॉमिक आहे' असं सांगू शकतो. म्हणजे इथे दुसरेही लिहितात, इथे डोकं चालवू नका. किंवा कुलूप लावू शकतो, ज्याच्या हातात पेन तोच लिहिणार. काम अचूक होतं. पण पेनासाठी रांग लागते, आणि रांगेत उभा असलेला कोर फुकट जातो. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथे चपखल बसतो. कामाचा १० टक्के भाग जरी एकेकट्यानेच करावा लागत असेल, तर तुम्ही हजार कोर लावा, वेग १० पटीच्या पुढे जात नाही.

वेगळ्या रकान्यात लिहूनही भांडण

मग सुचणारा उपाय सोपा आहे. प्रत्येकाला वेगळा रकाना द्या. संत्याचा डावीकडे, पम्याचा उजवीकडे. बेरीज शेवटी एकत्र करू. उत्तर बरोबर येतं, पण वेग मात्र कधी कधी एकट्या माणसापेक्षाही कमी. कारण रकाने वेगळे असले तरी पान एकच आहे.

प्रत्येक कोरकडे स्वतःची एक छोटी जलद मेमरी असते, तिला कॅशे म्हणतात. मेमरीतून तिच्यात माहिती येते ती एकेक आकडा म्हणून नाही, तर अख्खी पट्टी म्हणून. बहुतेक प्रोसेसरांत ही पट्टी ६४ बाइटची असते, म्हणजे साधे १६ आकडे तिच्यात मावतात. एका कोरने पट्टीतला कुठलाही आकडा बदलला की दुसऱ्याकडची ती पूर्ण पट्टी बाद. त्याला नवी मागवावी लागते. दोघं शेजारच्या रकान्यात लिहीत असले की पान सारखं इकडून तिकडे ओढलं जातं. याला 'फॉल्स शेअरिंग', म्हणजे वाटून न घेताही झालेली वाटणी, असं नाव आहे.

यावरचा उपाय मजेशीर आहे. दोन आकड्यांच्या मध्ये मुद्दाम रिकामी जागा सोडायची. मेमरी वाया घालवा, वेग मिळवा. दुसरा उपाय म्हणजे बेरीज डोक्यात ठेवून शेवटी एकदाच लिहायची. ओळखीचं वाटलं? ही काकांचीच सवय. मघाशी जिने पम्याला कायमचं उभं केलं, तीच इथे पान वाचवते. म्हणून कंपायलरला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. टेबलावर किती जण आहेत हे त्याला सांगितलं पाहिजे. १९९७ मध्ये आलेल्या ओपनएमपी या पद्धतीत हेच करतात. फेऱ्याच्या वर एक ओळ लिहून सांगायचं की काम वाटून द्या, ही बेरीज प्रत्येकाने आपापली करा आणि शेवटी एकत्र आणा. ती ओळ लिहिताना एखादं खासगी नाव चुकून सामाईक राहिलं, की पुन्हा आहेराची वही.

पुण्याने वहीच ठेवली नाही

'परम ८०००' ची गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. अमेरिकेकडून हवा तसा सुपरकॉम्प्युटर मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या टीमने परम ८००० बनवला. या गोष्टीत अभिमानाचा भाग नेहमी सांगितला जातो, रचनेचा भाग क्वचितच. परममध्ये इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिप एकमेकांना जोडल्या होत्या. प्रत्येक चिपकडे स्वतःची मेमरी, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा. सामाईक वहीच नाही. ज्याची त्याची वही, आणि दुसऱ्याला काही हवं असेल तर चिठ्ठी पाठवायची.

याने संत्या-पम्याचं भांडण मुळातच मिटतं. त्या बदल्यात कोण कुणाला कधी काय पाठवणार हे सगळं प्रोग्रामरने ठरवायचं, आणि चिठ्ठीची वाट बघण्यात वेळ जातो तो वेगळा. तरीही आजचे जवळपास सगळे मोठे सुपरकॉम्प्युटर याच वाटेने जातात. एका नोडच्या आत कोरांची वही सामाईक असते, आणि नोड-नोडमध्ये चिठ्ठ्या चालतात.

पुण्यातल्याच आयआयटीएम या संस्थेत २०२४ पासून 'अर्क' हा हवामानाचा सुपरकॉम्प्युटर आहे. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ हजार ७७० लाख कोटी गणितं. एवढी कशाला लागतात? हवामानाचं मॉडेल जमिनीवर चौकटी आखतं आणि प्रत्येक चौकटीतला वारा, दमटपणा, तापमान पुढे पुढे मोजत नेतं. चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आणली की चौकटी चौपट होतात, आणि वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. काम साधारण आठपट. आणि उद्याचा अंदाज उद्यापर्यंत तयार होऊन चालत नाही.

समजा, कोकणाचा तुकडा एका नोडकडे आणि घाटमाथ्याचा दुसऱ्याकडे दिला. आतल्या चौकटींसाठी कुणालाच विचारायची गरज नाही. पण ढग सह्याद्री चढणार असतील तर काठावरच्या चौकटींचे आकडे प्रत्येक पावलाला शेजारच्या नोडला कळवावे लागतात. ही चिठ्ठी उशिरा पोचली की मशीन थांबतं.

अशी बरीच मॉडेल्स आजही फोर्ट्रानमध्ये असतात. ती १९५७ ची भाषा आहे. लोक हसतात, पण एक कारण मेमरीचंच आहे. फोर्ट्रानमध्ये एका कामाला दोन वेगळ्या याद्या दिल्या, तर त्या मेमरीत एकमेकींवर चढलेल्या नाहीत असं कंपायलर धरून चालू शकतो. मग तो बिनधास्त एकदम आठ-आठ आकड्यांवर गणित करतो. सी मध्ये ही खात्री नाही, तिथे त्याला दबकत चालावं लागतं. सी मध्ये १९९९ साली 'रिस्ट्रिक्ट' हा शब्द आला तो हे वचन देण्यासाठीच. वचन खोटं दिलं तर उत्तर चुकतं, आणि कंपायलर ब्र काढत नाही.

सगळं नीट केलं, एकही रेस नाही, तरी एक भूत उरतं. कॉम्प्युटर दशांश आकड्यांत ठरावीकच अंक ठेवतो, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. एकावर सोळा शून्यं एवढ्या आकड्यात आधी एक आणि मग पुन्हा एक मिळवा, नेहमीच्या पद्धतीत दोन्ही एक गायब होतात. आधी एक आणि एक मिळून दोन करा आणि मग मिळवा, दोन टिकतात. आठ कोरांवर बेरीज एका क्रमाने होते, सोळावर दुसऱ्या. तोच प्रोग्राम, तीच माहिती, शेवटचा अंक वेगळा. हवामानात हा अंक छोटा राहत नाही. १९६१ मध्ये एमआयटीत एडवर्ड लोरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ घालून गणित पुन्हा चालवलं, आणि थोड्याच काळात दोन हवामानं एकमेकांना ओळखेनाशी झाली.

म्हणून काही मॉडेल टीम कंपायलरला सक्त ताकीद देतात की बेरजांचा क्रम हलवायचा नाही, थोडा वेग गेला तरी चालेल. आणि अंदाज काढताना एकदाच न काढता सुरुवातीचे आकडे किंचित हलवून तेच गणित अनेक वेळा चालवतात, मग त्यातल्या किती वेळा पाऊस आला ते मोजतात. फोनवर दिसणाऱ्या 'पावसाची शक्यता ७० टक्के' अशा अंदाजांमागे बऱ्याचदा ही मोजणी असते.